सोडतीने निवडलेले ९९ लोक आणि संसदेवरचा विश्वास : आयर्लंडमध्ये काय झालं

पारंबी

सप्टेंबर २००८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने एका रात्रीत देशातल्या मोठ्या बँकांच्या देण्यांना हमी दिली. लोक सकाळी उठले तेव्हा बिल्डरांना वाटलेल्या कर्जांचं ओझं त्यांच्या डोक्यावर येऊन पडलेलं होतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. दोन वर्षांनी युरोपीय संघ आणि नाणेनिधीसोबत ८५ अब्ज युरोंचं पॅकेज ठरलं. पगार कापले गेले, नव्या करांचा बोजा आला, तरुण मुलं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघून गेली. फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत फिअना फॉल हा पक्ष सत्तरहून अधिक जागांवरून २० वर आला. स्वतंत्र आयर्लंडवर सर्वांत जास्त वर्षं राज्य केलेला हा पक्ष.

युरोपातल्या लोकशाहीचा विषय निघाला की बोलणं ब्रेक्झिट, ल पेन, हंगेरी यांच्यापाशी येऊन थांबतं. मी डब्लिनमध्ये राहते. इथे त्यानंतर जे झालं, ते आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही, म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. इथले खासदार लोकांपासून लांब होते म्हणून विश्वास गेला, असं नाही. इथला खासदार आठवड्यातून एकदा तरी मतदारसंघात बसतो. लोक मेडिकल कार्ड, पेन्शन, खड्डे असली कामं घेऊन त्याच्याकडे जातात. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि मतदार पत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. मतमोजणीच्या हॉलमध्ये पक्षांचे कार्यकर्ते कठड्यावर ओणवे होऊन, समोर उघडली जाणारी प्रत्येक पत्रिका बघत हातातल्या कागदावर काट्या मारत असतात. अधिकृत आकडा यायच्या कितीतरी आधी निकालाचा अंदाज त्यांच्याकडे तयार असतो. मतदान यंत्रं २००२ मध्ये काही ठिकाणी वापरून बघितली होती. लोकांचा भरवसा बसला नाही आणि शेवटी ती भंगारात गेली.

म्हणजे ओळख होती, जवळीक होती, प्रक्रियेवर डोळ्यांत तेल घालून नजर होती. तरीही विश्वास गेला. खासदार आपलं काम करून देतो, पण देशाचे मोठे निर्णय भलतीकडेच होतात आणि तिथे आपल्याला जागा नाही, ही ती भावना होती.

डिसेंबर २०१२ मध्ये, घटनेत काय बदलावं हे सुचवायला संविधान परिषद सुरू झाली. एकूण १०० जण: सोडतीने निवडलेले ६६ सामान्य नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर नागरिक आणि राजकारणी मिसळून बसवलेले, बोलणं सगळ्यांना मिळावं म्हणून एक प्रशिक्षित सूत्रधार, शेजारी टिपणं घेणारा. तज्ज्ञ येऊन दोन्ही बाजू मांडायचे, मग टेबलांवर चर्चा, रविवारी गुप्त मतदान. समलिंगी विवाहाच्या बाजूने ७९ टक्के मतं पडली. सरकारने तो विषय सार्वमताला नेला आणि २२ मे २०१५ ला ६२ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं किमान वय ३५ वरून २१ करण्याचा प्रस्ताव लोकांनी सपशेल फेटाळला. तोही याच परिषदेतून आला होता. लोक आंधळेपणाने हो म्हणत नव्हते.

मग २०१६ ची नागरिक सभा. या वेळी राजकारणी नाहीत. ९९ नागरिक आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. जागा डब्लिनजवळ मॅलाहाइडचं हॉटेल. विषय राज्यघटनेतली आठवी दुरुस्ती, म्हणजे गर्भपातावरची जवळजवळ संपूर्ण बंदी. १९८३ मध्ये ६७ टक्के मतांनी आलेली ही दुरुस्ती, आणि पुढची तीस वर्षं ती काढून टाकू म्हणायची कुठल्याच मोठ्या पक्षाची छाती झाली नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवारचा मृत्यू झाला. बेळगावची मुलगी, ३१ वर्षांची. गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिने गर्भपात मागितला होता, तो नाकारला गेला. त्यानंतर हा विषय दाबून ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं.

सभेने या एका विषयाला पाच शनिवार-रविवार दिले. डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक, दोन्ही बाजूंच्या संघटना, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग आला होता अशा काही बायकांचे ध्वनिमुद्रित अनुभव. शेवटी ६४ टक्के सदस्यांनी कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी, असं मत दिलं. राजकारण्यांनी धरलेल्या अंदाजाच्या हे खूप पुढचं होतं.

आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शिफारस थेट सार्वमताला गेली नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांची एक समिती बसली. तिने २०१७ च्या सप्टेंबर ते डिसेंबर तेच सगळे पुरावे स्वतः पुन्हा ऐकले. समितीतल्या काही सदस्यांची मतं तिथे बदलली. जानेवारी २०१८ मध्ये फिअना फॉलचे नेते मीहॉल मार्टिन, ज्यांचा पक्ष या बाबतीत पक्का सनातनी, सभागृहात उभे राहिले आणि आपण दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने आहोत आणि का, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी होकार दिला. डब्लिनमध्ये एका भिंतीवर सविताचं चित्र काढलं होतं. त्याच्याभोवती लोकांनी रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कितीतरी चिठ्ठ्यांवर शब्द होता: सॉरी.

नागरिक सभेने संसदेची जागा घेतली नाही. संसदेला तिचं काम करायला भाग पाडलं. प्रातिनिधिक लोकशाही सावरायची तर ती इथूनच सावरेल, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

तिरफळ

पारंबीताई, वाचून बरा वाटला. मी मालवण तालुक्यातला, वराडपासून फार लांब नाही. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे काय आनंद झाला होता! २०१९ च्या डिसेंबरात ते आई-वडिलांसोबत गावात येऊनही गेले. पण तिकडे त्यांनी नेमकं काय केलं, हे इथे कुणाला धड सांगता येत नाही. यात त्यांचा वाटा किती?

आणि दुसरं, आपल्याकडे ग्रामसभा आहेच की. मग ही नागरिक सभा वेगळी कशी?

उंबरठा

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. माझे आक्षेप मांडतो.

पहिला, हे ९९ लोक कुणाला उत्तरदायी? खासदाराला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. सोडतीत नाव आलेला माणूस मत देतो आणि आपल्या घरी जातो. दुसरा, ती सोडत तरी चोख होती का? निवडीचं काम दिलेल्या कंपनीच्या माणसाने बदली सदस्यांपैकी सात जण ओळखीपाळखीतून फोनवर गोळा केल्याचं २०१८ च्या सुरुवातीला उघड झालं. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा: या सभांनी विश्वास परत आला असेल तर तो मतपेटीत दिसायला हवा. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान ५९.७ टक्के. शंभर वर्षांतलं सर्वांत कमी. आणि ८ मार्च २०२४ च्या सार्वमतांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तीही नागरिक सभेतूनच आली होती आणि लोकांनी दोन्ही उधळून लावली.

मला वाटतं, सरकारांना नको असलेले निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ही सोय आहे.

काजवा

वाचतोय. उंबरठा यांचा तिसरा मुद्दा बिनतोड आहे, पारंबी काय म्हणतात बघू.

पारंबी

तिरफळ, वराडकरांबद्दल आधी. जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. समलिंगी विवाहावरच्या सार्वमताच्या चार महिने आधी. त्याने वातावरणावर नक्कीच परिणाम झाला. २०१८ चं सार्वमत ते पंतप्रधान असताना झालं. पण नागरिक सभा नेमली होती ती त्यांच्या आधीच्या एंडा केनींच्या काळात. उंबरठांनी काढलेलं मार्च २०२४ चं अपयश मात्र वराडकर सरकारचंच. त्याच महिन्यात त्यांनी पद सोडायची घोषणा केली.

ग्रामसभेला गावातला कुठलाही मतदार येऊ शकतो, आणि म्हणूनच ज्याला वेळ आहे, आवाज आहे, वजन आहे तोच बोलतो. सोडतीने बोलावलं की एरवी कधीच सभेला न जाणारी माणसं येतात: रात्रपाळी करणारा, लहान मुलं असलेली बाई, राजकारणाचा तिटकारा असलेला. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक वर्ग यांचं प्रमाण देशासारखं राहील असं बघितलं जातं. ग्रामसभेचे अधिकार मात्र कायद्यात लिहिलेले आहेत, हे तिचं बलस्थान.

उंबरठा, सात जणांचा प्रकार खराच होता. तो उघड झाल्यावर त्या सातही जणांना काढलं गेलं. तोवर आठव्या दुरुस्तीवरचं मतदान होऊन बरेच महिने झाले होते. पण मार्च २०२४ बद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मला तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा दिसतो.

आयर्लंडच्या घटनेत १९३७ पासून एक कलम आहे. बाई घरात राहून जे करते त्याने राज्याला आधार मिळतो, अशा अर्थाचं. २०२०-२१ च्या नागरिक सभेने सांगितलं की हे काढा, आणि त्या जागी घरात किंवा समाजात कुणाचीही काळजी घेणाऱ्यांना वाजवी आधार देणं हे राज्याचं कर्तव्य म्हणून लिहा. सरकारने सार्वमताला जो मसुदा आणला त्यात राज्य असा आधार देण्याचा ‘प्रयत्न करेल’ एवढंच उरलं, तेही फक्त कुटुंबातल्या सदस्यांनी घेतलेल्या काळजीपुरतं. अपंग हक्कांसाठी काम करणारे चिडले. आमची काळजी घेणं हे घरच्यांवर ढकलताय, म्हणाले. दुसऱ्या प्रस्तावात कुटुंबाच्या व्याख्येत ‘टिकाऊ नातं’ असे शब्द घातले आणि त्यात नेमकं काय बसतं हे मंत्र्यांनाच धड सांगता येईना.

आणि २०१८ ला जी पायरी सगळ्यांत जपून केली होती तीच या वेळी गाळली. विधेयकावर समितीपुढे आधी छाननी व्हायची असते, ती टाळली. महिला दिनाची तारीख गाठायची होती. काळजीवरच्या प्रस्तावाच्या विरोधात जवळपास ७४ टक्के मतं पडली, कुटुंबावरच्या प्रस्तावाच्या विरोधात ६७.७ टक्के. बहुतेक सगळे मोठे पक्ष बाजूने असताना. मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या कितीतरी जणींनी, जुनं कलम नको असूनही, विरोधात मत दिलं.

म्हणजे लोकांनी नागरिक सभेला नकार दिला असं मी म्हणणार नाही. सभेने सांगितलेलं बाजूला ठेवून सरकारने परस्पर जे लिहिलं, त्याला नकार दिला. याच्याही आधी, पहिल्या परिषदेने मतदानाचं वय १६ करावं असं सुचवलं होतं. सरकारने सार्वमत घेऊ म्हटलं आणि २०१५ मध्ये विषय सोडून दिला. लोकांना बोलावून, त्यांचे महिनोन् महिने घेऊन मग उत्तरच न देणं, हे न बोलावण्यापेक्षा वाईट.

निशिगंध

पारंबीच्या शेवटच्या वाक्यावर पॅरिसहून लिहिते, कारण ते आम्ही बघितलंय.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या करावरून पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. गावाकडचा माणूस कामाला जायला गाडीवरच अवलंबून, आणि पर्यावरणाच्या नावाने कर त्याच्यावर. त्यातून मॅक्राँनी हवामानासाठी १५० नागरिकांची परिषद बसवली. सोडतीनेच. ऑक्टोबर २०१९ पासून ते लोक शनिवार-रविवारी पॅरिसला यायचे, संपामुळे रेल्वे बंद असताना, मग कोविडमध्ये. जून २०२० मध्ये त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. ‘कुठलीही गाळणी न लावता’ ते पुढे नेईन, असा राष्ट्राध्यक्षांचा शब्द होता.

मग सुरुवात झाली. तीन प्रस्ताव तर त्यांनी लगेच बाजूला काढले. महामार्गावर ताशी ११० ची मर्यादा त्यांतलीच, आणि कंपन्यांच्या लाभांशावरचा ४ टक्के करही. बाकीचे मंत्रालयांत आणि संसदेत झिजत गेले. २०२१ च्या सुरुवातीला त्याच नागरिकांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी गुण दिले. सरासरी ३.३. घटनेच्या पहिल्या कलमात पर्यावरण घालायचं सार्वमतही सिनेटशी न जमल्याने बारगळलं.

मी त्यांतल्या एका बाईंना एका सार्वजनिक चर्चेत ऐकलं. आवाज चढला नव्हता, पण थकलेल्या होत्या. तिथे जाण्याआधी मला राजकारणात रस नव्हता, आता रस आहे पण भरवसा नाही, असं काहीसं म्हणाल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एका माणसाच्या शब्दावर हे सगळं उभं केलं तर असंच होणार. फ्रेंच संसदेने त्या परिषदेला आपलं मानलंच नाही, कारण संसदेला कुणी विचारलंच नव्हतं.

काजवा

निशिगंध यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. मी आखेनला राहतो. इथून बसने सरहद्द ओलांडली की बेल्जियमचं ऑयपेन. बेल्जियममध्ये जर्मन बोलणाऱ्यांचा एक छोटा प्रांत आहे, लोकसंख्या जेमतेम ७८ हजार, २५ जणांची स्वतःची संसद. एखाद्या मोठ्या तालुक्यापेक्षाही लहान. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये या संसदेने कायदा करून नागरिकांची कायमस्वरूपी यंत्रणा उभी केली.

त्याची रचना अशी. २४ नागरिकांची एक परिषद, मुदत दीड वर्ष. तिचं मुख्य काम म्हणजे विषय ठरवणं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आयर्लंड आणि फ्रान्समध्ये विषय सरकार ठरवतं. मग त्या विषयासाठी सोडतीने २५ ते ५० जणांची वेगळी सभा बसते. तिच्या शिफारशी आल्या की संसदेच्या समितीला आणि संबंधित मंत्र्याला उघड बैठकीत त्याच नागरिकांसमोर बसावं लागतं. एखादी शिफारस मानायची नसेल तर का नाही, याची कारणं द्यावी लागतात. पुढे अंमलबजावणी कुठवर आली हेही नागरिकांना येऊन सांगावं लागतं. पहिला विषय होता रुग्ण आणि वृद्धांची शुश्रूषा. पहिली बैठक मार्च २०२० मध्ये झाली आणि कोविडने खोळंबा केला, पण काम पुरं झालं.

यातही अडचणी आहेत. पत्र मिळालेल्यांपैकी थोडेच होकार देतात. प्रांताचे अधिकार मर्यादित, त्यामुळे करांसारखे मोठे विषय हाताबाहेर. पण उंबरठांनी विचारलेल्या ‘उत्तरदायी कोण’ याचं उत्तर इथे मला मिळतं. नागरिकांनी सुचवायचं, उत्तर द्यायची जबाबदारी निवडून आलेल्यांची, आणि ती कुणाच्या मर्जीवर नाही, कायद्यात आहे.

उंबरठा

काजवा, ही माहिती नवीन होती. उत्तराची सक्ती कायद्यात असेल तर माझा पहिला आक्षेप बराच सौम्य होतो.

पण मतदानाच्या टक्क्याला अजून कुणी हात घातला नाही. पारंबी, तुमच्या शहरात घरभाड्यांचं काय चाललंय ते तुम्हीच जाणता. तिशी उलटलेली मुलं आई-बापांच्या घरात राहतात. २०२० मध्ये याच रागातून शिन फेन या विरोधी पक्षाला सर्वाधिक पहिल्या पसंतीची मतं मिळाली, तर शंभर वर्षांचे वैरी असलेले फिअना फॉल आणि फिना गेल एकत्र आले आणि सरकार तेच राहिलं. २०२४ मध्ये पुन्हा तेच दोघे. मत दिलं तरी सरकार बदलत नाही आणि घर मिळत नाही, असं पंचविशीतल्या पोराला वाटलं तर त्याला सोडत कशी समजवाल?

पारंबी

नाही समजावता येणार, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. विवाह आणि गर्भपात हे हो-किंवा-नाहीचे, घटनेतले प्रश्न होते. घरांचा प्रश्न पैशांचा, जमिनीचा, बांधकाम परवान्यांचा. तिथे ९९ लोकांनी शिफारस केली तरी घरं सरकारलाच बांधायची आहेत. माझ्या ऑफिसातल्या दोन मुली यंदा सिडनीला गेल्या, दोघींचंही कारण भाडं. त्यांच्यासाठी विश्वास म्हणजे हातात पडलेली किल्ली.

तरी एक गोष्ट सांगते. घरांवर इथे नागरिक सभा झालेली नाही. तज्ज्ञांचा आयोग झाला. भाडेकरू, घरमालक, मुलं घरी अडकलेले आई-बाप आणि आपल्या शेजारी इमारत नको म्हणून हरकती घेणारे, हे सगळे एका टेबलावर कधी बसलेच नाहीत. शेवटचे लोक इथे फार प्रबळ आहेत आणि खासदार त्यांना घाबरतात. आठव्या दुरुस्तीच्या वेळीही खासदार असेच घाबरायचे. समोरासमोर बसवल्यावर किती हरकती टिकतील, हे बघायला मला आवडेल. त्याने घरं लगेच उभी राहणार नाहीत हे मान्यच.

तिरफळ

ताई, एक विचारायचं राहिलं. माझी चुलत बहीण गेल्या वर्षी नोकरीसाठी कॉर्कला गेली. पासपोर्ट भारतीयच. तिला यातल्या कशात भाग घेता येतो का?

पारंबी

हो, नक्की. स्थानिक परिषदांच्या निवडणुकीत इथे राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या कुणालाही मत देता येतं, नागरिकत्वाची अट नाही. व्हिसा कुठला आहे याने फरक पडत नाही. जून २०२४ मध्ये मीही दिलं. त्याच दिवशी युरोपीय संसदेचं मतदान होतं, ती पत्रिका मला मिळाली नाही, फक्त स्थानिकची मिळाली. भलीमोठी पत्रिका, प्रत्येक उमेदवाराचा फोटो. संसदेसाठी आणि सार्वमतासाठी मात्र आपल्याला मत नाही.

बहिणीला सांगा, मतदार नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड, म्हणजे पिनकोड, लागतो. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे, पण नाव आत्ताच घालून ठेवावं आणि घर बदललं की पत्ता बदलावा, भाडेकरूंची नावं तिथेच गळतात. आणि नागरिक सभेसाठी २०२२ पासून मतदारयादीऐवजी घरांच्या पत्त्यांवरून सोडत काढली आहे, हजारो घरांना पत्रं जातात. त्या घरात राहणारी कुणीही प्रौढ व्यक्ती नाव देऊ शकते. पत्र जाहिरातीसारखं दिसतं, न उघडता टाकू नको म्हणावं.

काजवा

पारंबी, शेजारच्या लोकांच्या हरकतींबद्दल जे लिहिलंत त्यावर जमलं तर वेगळा धागा काढा. आमच्याकडे पवनचक्क्यांवरून अगदी हेच चालू आहे.